उडत्या घोरपडींचं नियोजन

चुका मी पुष्कळ केल्या आहेत, पण आमच्या लाइनवर मृतांशी बोलू शकणारा कामगार आहे असं ग्राहकाच्या ऑडिटरला लेखी कळवण्याची चूक मी एकदाच केली.

चाकणला गाड्यांच्या दरवाज्यांची कुलपं बनवणारी एक कंपनी आहे. तिथली एक असेंब्ली लाइन मी सांभाळतो, म्हणजे लाइन चालू असली की साहेब सांभाळतात आणि बंद पडली की मी. अशा प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक फळा असतो आणि फळ्यावर एक तक्ता. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची नावं आणि प्रत्येक चौकटीत एक वर्तुळ. वर्तुळ पाव काळं असेल तर माणूस शिकतो आहे. अर्धं असेल तर कुणी शेजारी उभं असल्यास करू शकतो. पाऊण असेल तर एकटा करतो. पूर्ण काळं असेल तर दुसऱ्याला शिकवू शकतो. माझ्या बायकोच्या, शैलाच्या मते संसारात मी पंचवीस वर्षांनंतरही अर्ध्यावरच आहे.

ऑडिटच्या सकाळी आमच्या विभागाच्या प्रिंटरनं मान टाकली. मी तक्त्याची फाइल प्लॅनिंगच्या बालाजी सूर्यवंशीला पाठवली, फोनवर म्हटलं, "राव, एक प्रिंट मार," आणि पाच मिनिटांनी पळत जाऊन त्याच्या प्रिंटरवरचा सगळ्यात वरचा कागद उचलला. न वाचता प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला आणि फळ्यावर लावला. नमुना आमचाच होता. वर्तुळं होती. वर कंपनीचं चिन्ह, खाली 'तयार केले, तपासले, मंजूर केले'च्या तीन चौकटी. 'तपासले'मध्ये सही करायची मला आठवणही राहिली नाही. तेवढं एकच बरं झालं, असं मला नंतर वाटलं. त्याची लाज वाटायला आणखी बराच वेळ लागला.

ऑडिटर बाई वाचणाऱ्यांतल्या निघाल्या. बाकीचे फळा आहे की नाही एवढंच बघतात. या चष्मा वर करून उभ्या राहिल्या.

"हे वज्रकंठ कोण?"

आमच्या लाइनवर पवार, गायकवाड, दोन शेख आणि एक चव्हाण आहेत. पण ऑडिटच्या दिवशी माझं तोंड मेंदूची वाट बघत नाही.

"रजेवर आहेत, मॅडम," मी म्हणालो.

"आणि 'मृतांशी संभाषण' हे काम कुठल्या स्टेशनला येतं?"

"शेवटच्या, मॅडम."

बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहिलं. "त्यांचं वर्तुळ पाऊण भरलंय. म्हणजे एकटे बोलू शकतात, पण शिकवू शकत नाहीत. पूर्ण कधी होणार? ट्रेनिंग प्लॅन दाखवा."

मग त्यांनी पुढची कामं वाचली. अदृश्य होणे. आग गिळणे. घोरपड-उड्डाण, प्राथमिक. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा खाली घेतला. प्लांटचे मोठे साहेब मागेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग आमच्या लाल डब्यासारखा झाला, ज्यात आम्ही नापास झालेली कुलपं टाकतो.

बालाजीला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं फळ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा, खरं सांगतो, क्षणभर खुलला. आपलं काहीतरी भिंतीवर लागलेलं तो पहिल्यांदा बघत होता.

"याचा ट्रेनिंग प्लॅन आहे का, सूर्यवंशी?" साहेबांनी दात खाऊन विचारलं.

"आहे की, साहेब," बालाजी म्हणाला. "पण रिव्हिजन चालूय बघा."

आता हा बालाजी कोण ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला तो वेडा वाटेल. वेडा तो होताच, पण रीतसर होता.

बालाजी उदगीरकडचा. वीस वर्षांपूर्वी इकडे आला, चिखलीत एक खोली घेतली, मग दोन घेतल्या. रंग सावळा, भांग डावीकडे, खिशाला चार पेनं, त्यातलं एक लाल. आमची कंपनीची बस मला रहाटणीत घेते आणि त्याला चिखलीत. तो चढायचा, माझ्या शेजारी बसायचा आणि 'नमस्कार'ऐवजी म्हणायचा, "काळेसाहेब, एक अडचण आलीय."

ती अडचण कधीच या जगातली नसायची.

तो एक कादंबरी लिहिणार होता. एक नव्हे, आठ. आठ भागांची मालिका. भीमाशंकरासारख्या एका मोठ्या डोंगराच्या पोटात एक राज्य, तिथे दिवस आतल्या नद्यांच्या उजेडानं उगवतो, आणि तिथलं सैन्य उडणाऱ्या घोरपडींवर बसून लढतं. आमच्या बसमध्ये या राज्याचा भूगोल कामगार कायद्यापेक्षा जास्त लोकांना माहीत होता. फक्त कादंबरीचं पहिलं वाक्य कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते लिहिलेलं नव्हतं. सतरा वर्षं नियोजन चाललं होतं.

"आधी प्लॅन फ्रीझ होऊ द्या," बालाजी म्हणायचा. "प्लॅन फ्रीझ झाल्याबिगर प्रॉडक्शन घेतलं तर काय होतंय? रीवर्क होतंय."

त्यानं आयुष्यभर एकच काम केलेलं: कुठला माल कधी लागेल, कुठून येईल, उशीर झाला तर कुठली लाइन थांबेल. तेच त्यानं डोंगराच्या पोटात नेलं. एका घोरपडीला दिवसाला किती चारा, चारशे घोरपडींना किती, तो चारा नदीच्या वरच्या अंगानं आणायला किती दिवस. तिसऱ्या भागात एक महायुद्ध होतं. ते त्यानं पाचव्या भागात ढकललं.

"का रे?" मी विचारलं.

"बाण पोचत नाहीत, साहेब. बाण बनवणारं गाव एकच. तिथं पूर आला तर राजा काय दगडं मारंल?"

"अरे, मग दुसरं गाव दाखव बाणांचं."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "दुसरा पुरवठादार मंजूर करायला सहा महिने लागतात. तुमाला म्हाईत नाही का?"

मला माहीत होतं. मागच्या सीटवरून मोशीचे सस्ते ओरडले, "बालाजी, तुज्या राजाला आमची जमीन घ्यायला सांग की, चार गुंठे हायेत अजून!" सस्त्यांच्या घराण्याची निम्मी जमीन कारखान्यांत गेलेली, आणि उरलेल्या निम्म्यावर त्यांनी बांधलेल्या चाळी. तरी ते हौसेनं नोकरीला यायचे. त्यांचं म्हणणं, घरी बसलं की सुनेचं ऐकावं लागतं.

एकदा राजाचा भाऊ मरणार होता. बालाजीनं त्याच्या मरणाचं पाच-का विश्लेषण केलं. कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे पाचव्या उत्तराला खरं कारण सापडतं, असा नियम आहे. भाऊ का मेला? घोरपडीवरून पडला. का पडला? खोगीर सैल होतं. का सैल होतं? पट्टा जुना होता. का जुना होता? बदलण्याचं वेळापत्रक नव्हतं. का नव्हतं? ते काम भावाकडेच होतं.

"मंग काय करता," बालाजी खिन्नपणे म्हणाला. "वेळापत्रक लावलं. आता मरंना गेला."

असे किस्से मी घरी जाऊन सांगायचो. सोसायटीच्या गच्चीत, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात. लोक पोट धरून हसायचे. बालाजीची नक्कल मला छान जमते. मी आत्तापर्यंत त्याच्या जिवावर जितका भाव खाल्ला, तितका त्यानं स्वतःच्या जिवावर कधी खाल्ला नाही. हसायची नाही ती फक्त शैला. तिची आणि बालाजीच्या बायकोची, मंगलची, खंडेनवमीला गाठ पडायची. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा असते, माणसं बायकापोरांना घेऊन येतात, आणि मुलं ज्या प्रेसखाली बापाचं बोट जाता जाता राहिलं तिला हळदकुंकू वाहतात. मंगल घरी साड्यांना फॉल-पिको करायची. चिखलीतल्या त्या दोन खोल्यांतली एक मशीननं व्यापलेली, दुसरी माणसांनी.

"घरात टेबल मांडाया जागा नाही," मंगल एकदा शैलाला म्हणाली होती. "म्हनून ह्यांचं राज्य कंपनीत. मी म्हनते ऱ्हाऊ दे तिकडंच. हितं आणलं तर त्या घोरपडींचा स्वैपाक बी मलाच लागंल."

त्यामुळे सगळं राज्य कंपनीच्या कॉम्प्युटरवर होतं. जेवणाच्या अर्ध्या तासात बालाजी आठ मिनिटांत दोन पोळ्या संपवायचा आणि उरलेला वेळ डोंगराच्या पोटात असायचा. त्यानं कामाची चोरी कधी केली नाही. फक्त कंपनीचे नमुने वापरले, कारण दुसरे त्याला माहीतच नव्हते. घरी एक लॅपटॉप होता, तो मुलीच्या इंजिनिअरिंगला गेला.

ही मुलगी म्हणजे समू. सगळा प्रपंच तिच्यापायी सुरू झालेला.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि शाळांना रविवारी. बाहेरच्यांना हे समजत नाही. इथे बाप घरी असतो तेव्हा पोरगी शाळेत, आणि पोरगी घरी असते तेव्हा बाप लाइनवर. बालाजी तेव्हा शिफ्टमध्ये होता, इतर दिवशी दोघं एकमेकांना झोपलेलंच बघायची. उरली गुरुवारची सकाळ. स्कूटरवर पुढे समूला उभी करून तो शाळेत सोडायचा, आणि तेवढ्या वाटेत तिला डोंगराच्या पोटातल्या राजाची गोष्ट सांगायचा. आठवड्यातून वीस मिनिटं. चौथीपर्यंत ते चाललं. मग ती शाळेच्या बसनं जाऊ लागली. स्कूटरवर ती शेवटची बसली त्या दिवशी बालाजीनं तिला शब्द दिला: "तू घर सोडून जाशील त्याच्या आधी पहिला भाग तुझ्या हातात."

त्याच्या मनात बहुधा लग्न असावं. लांबची गोष्ट. पण समू हुशार निघाली. गेल्या डिसेंबरात तिला कॉलेजमधूनच बंगळूरला नोकरी लागली. जूनमध्ये हजर व्हायचं.

त्या दिवशी बसमध्ये चढला तो पेढे घेऊन. पण 'एक अडचण आलीय' हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच इतक्या हळू उच्चारलं की मला कान पुढे करावा लागला.

"साहेब, डिस्पॅचची तारीख आली."

"मग लिहायला बस की आता! सहा महिने आहेत. एक भाग तर लिहायचा आहे."

"बसतो. मार्चपर्यंत प्लॅन फ्रीझ, एप्रिल-मे प्रॉडक्शन."

आणि मार्चमध्ये मी तो कागद फळ्यावर लावला.

ऑडिटर बाई गेल्यावर साहेबांनी आम्हाला दोघांनाच केबिनमध्ये घेतलं. टेबलावर तो तक्ता.

"हे कुणाचं?"

"माझं, साहेब," बालाजी म्हणाला.

"कंपनीच्या वेळेत? कंपनीच्या मशीनवर?"

"जेवणाच्या सुट्टीत, साहेब."

"आणि हे फळ्यावर कुणी लावलं?"

आता इथे मी बोलायचं होतं. वाक्य अवघड नव्हतं. 'मी लावलं, साहेब, न वाचता लावलं.' सहा शब्द. पण माझ्या मुलाची बारावी होती, आणि एप्रिलमध्ये बढतीची यादी लागायची होती, आणि साहेबांचा हात टेबलावर असा पडला होता की... कारणं मी आता सांगतो आहे, तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं. तेव्हा फक्त जीभ टाळ्याला चिकटली होती. ऑडिटर बाईंसमोर मेंदूआधी धावणारी तीच जीभ.

बालाजीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. बाण पोचत नाहीत हे सांगताना बघायचा तसं.

"माझ्याकडूनच गेलं असंल, साहेब," तो म्हणाला. "माझ्याच प्रिंटरवरचा कागद हाय."

त्याला ताकिदीचं पत्र मिळालं. प्लॅनिंगमधून काढून डिस्पॅचला टाकलं. तिथे कॉम्प्युटर नाही, खुर्ची नाही. ट्रक आला की खोकी मोजायची. आणि त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकायचा हुकूम निघाला.

लाइनचा प्रमुख म्हणून या सगळ्याचा अहवाल मलाच लिहायचा होता. त्यातही पाच-का होते. चुकीचा तक्ता का लागला? चुकीचा कागद प्रिंटरवर होता. का होता? एका कर्मचाऱ्यानं खाजगी काम केलं. का केलं? शिस्तीचा अभाव. पाच वेळा विचारायचं असतं, मी तिसऱ्याला थांबलो. चौथ्या 'का'च्या पलीकडे मी उभा होतो. अहवाल मंजूर झाला. साहेब म्हणाले, चांगला लिहिलाय.

घरी शैलाला मी सगळं रंगवून सांगितलं. वज्रकंठ, रजेवर आहेत, शेवटचं स्टेशन. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि तुम्ही सांगितलं नाहीत, कागद तुम्ही लावला म्हणून?"

"सांगणार होतो. पण तो आधीच बोलला."

"बरं," ती म्हणाली, आणि गवारीच्या शिरा काढत राहिली.

मशीन पुसायला आयटीचा माणूस आला तेव्हा मी त्याच्या हातापाया पडलो. म्हटलं, सतरा वर्षांचं काम आहे राव, पेन ड्राइव्ह चालत नाही हे मान्य, पण एखादी प्रिंट तरी घेऊ दे त्याला. माझ्याकडून तेवढंच प्रायश्चित्त, आणि तेही दुसऱ्याच्या टोनरवर. तो म्हणाला, "एक फाइल. एकच. आणि मी काही बघितलं नाही."

मी बालाजीला सांगितलं, नकाशा घे. नाहीतर राजांची वंशावळ. नाहीतर आठही भागांचं ते मोठं वेळापत्रक घे, जे उघडायला मशीनला अर्धं मिनिट लागायचं. त्यानं स्क्रीनवर खाली खाली जाऊन एक भलतीच फाइल उघडली: 'ओपन पॉइंट लिस्ट.' म्हणजे अडलेल्या मुद्द्यांची यादी. प्रत्येक बैठकीनंतर आम्ही अशी यादी करतो: मुद्दा काय, कुणी काढला, कुणी सोडवायचा, सुटला की नाही.

"अरे, हे काय घेतोस? हे तर सगळं न झालेलं काम आहे!"

"तेच तर लागतंय, साहेब," तो म्हणाला.

नऊ पानं निघाली. मला वाटलं, गेला बिचारा. सतरा वर्षांतून त्यानं फक्त आपली थकबाकी वाचवली.

एप्रिलमध्ये आमची पाळी बदलली, पण बस एकच राहिली. आता तो 'एक अडचण आलीय' म्हणत नसे. बसायचा, पाय दाबायचा. दिवसभर उभं राहायची त्याला सवय नव्हती. मग ती नऊ पानं आणि कोऱ्या कागदांचं एक पॅड काढायचा आणि गाडीच्या धक्क्यांतून लिहायचा. सस्त्यांनी एकदा मागून हाळी दिली, "काय रं बालाजी, राजा गचकला का काय? लई गप हायेस." बालाजी हसला. सस्त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मी त्याला टाळत होतो असं नाही. शेजारीच बसत होतो. फक्त खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि नाशिक रस्त्याला बघण्यासारखं काय आहे ते तिथून जाणाऱ्यांना विचारा.

मे महिन्यात एक दिवस मोशीजवळ बस अडकून पडली. बालाजीला डुलकी लागली आणि पॅडसकट पानं माझ्या मांडीवर घसरली. मी वाचली.

चार रकाने होते. 'कुणी काढला' या रकान्यात पहिल्या पानापासून नवव्या पानापर्यंत एकच नाव होतं. समू. समू. समू. खाली खाली समू.

घोरपडीचं पिल्लू आधी चालतं का आधी उडतं? समू. जबाबदारी: बालाजी. स्थिती: बाकी.

घोरपडी काय खातात आणि रोज तेच का खातात? समू. बाकी.

बाण संपले तर? समू. बाकी.

राजाचा भाऊ पडला तर त्याला उचलायला कोण येईल? समू. बाकी.

चाऱ्याचा तो सगळा हिशेब, बाणांचं ते गाव, खोगिराचं वेळापत्रक, आमच्या बसनं ज्यावर वर्षानुवर्षं खिदळून घेतलं ते सगळं, स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या एका चार-पाच वर्षांच्या पोरीला द्यायचं उत्तर होतं. तिनं विचारलं होतं, आणि बापानं सांगितलं होतं की बघून सांगतो. तो बघत होता.

सातवा मुद्दा होता: राजाला रविवारी सुट्टी का नसते? समू. बाकी.

कोऱ्या कागदांच्या पॅडवर तो उत्तरं लिहीत होता. नियोजन नव्हतं, तक्ता नव्हता, फक्त निळ्या शाईत वाकड्या ओळी. पिल्लाच्या प्रश्नाला त्यानं लिहिलं होतं: 'आधी चालतं. पण त्याच्या बापाला ते उडतानाच दिसतं, कारण तो घरी येतो तोवर चालून झालेलं असतं.' मी पानं होती तशी त्याच्या मांडीवर ठेवली. सतरा वर्षं मी ज्या लेखकाची नक्कल करत होतो त्याचं पहिलं वाक्य मी वाचलं होतं, आणि मला ते कुणाला करून दाखवता येणार नव्हतं.

सातव्याच्या पुढे त्यानं लिहिलं होतं: 'राजानं कधी विचारलं नाही.'

समू निघाली तो गुरुवार होता, त्यामुळे बालाजीला रजा टाकावी लागली नाही. विमान दुपारचं. माझी गाडी आहे, म्हणून मीच म्हटलं की मी सोडतो. प्रायश्चित्ताचा दुसरा हप्ता. चिखलीत त्यांच्या दाराशी गाडी लावली तर अख्खा जिना बायकांनी भरलेला, मंगल दह्याची वाटी घेऊन, आणि बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात एक फाइल. निळी, पुठ्ठ्याची. आत पॅडची सगळी पानं, भोकं पाडून, नीट लावलेली. वर लेबल: भाग पहिला. रिव्हिजन शून्य.

समू वजनकाट्यावर बॅग तोलत होती. छोटा, हातात धरायचा काटा असतो तसला. "पंधरा किलोच चालतं, मम्मी. साडेपंधरा होतंय."

"आगं चटणीचा डबा तेवढा ऱ्हाऊ दे," मंगल म्हणाली. "तिकडं कुठं मिळनार शेंगदान्याची? चादर काढ."

चादर निघाली. काटा पंधरावर आला. समूनं चेन लावली, हुश्श केलं. तेव्हा बालाजी पुढे झाला.

"समू, हे."

तिनं फाइल घेतली. उघडली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वाईट मुलगी नाही हो. तिच्या डोळ्यांत बापाबद्दल माया होती, आणि घाईही होती, आणि कुठल्या गोष्टीचं हे काय आहे ते आठवायचा प्रयत्नही होता. आठवलं नाही.

"अय्या, पप्पा, तुम्ही लिहिलंत? किती छान!" ती म्हणाली. मग बॅगेकडे पाहिलं, आणि फाइल दोन्ही हातांनी, अगदी आदरानं, परत दिली. "याची पीडीएफ करून पाठवा ना. नक्की वाचते. आत्ता वजन होईल हो."

"हो, हो," बालाजी म्हणाला. "पाठवतो की. स्कॅन करून पाठवतो. कागदाचं वजन लई असतंय."

विमानतळापर्यंत तो मागे तिच्या शेजारी बसला होता, फाइल गुडघ्यांवर धरून. समू फोनवर तिच्या मैत्रिणीला खोलीचं विचारत होती. येरवड्याच्या सिग्नलला तिनं फोन ठेवला आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानं तोंड उघडलं, काहीतरी सांगायला, आणि सिग्नल सुटला.

परत येताना तो पुढे बसला. मी मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं, साहेबांना सांगतो म्हणून, उद्याच सांगतो. भोसरीपर्यंत मी तीन वेळा घसा साफ केला.

"काळेसाहेब," शेवटी तोच म्हणाला, "तुमी ते मनात धरू नका. कागद कुणीबी लावला असता."

म्हणजे चूक कबूल करायचीही संधी त्यानं मला ठेवली नाही. मी "हं" म्हणालो आणि गिअर बदलला.

घरी आलो. शैला कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, या वेळी कुणाचीही नक्कल न करता. नऊ पानं, सातवा मुद्दा, वजनकाटा, पीडीएफ. ती ऐकत होती. शेवटी मला राहवेना. मी म्हणालो, "एवढं सतरा वर्षांचं त्या माणसानं तिच्यासाठी केलं, आणि जागा झाली ती चटणीच्या डब्याला. निदान मंगलनं तरी तो डबा काढून फाइल आत घालायला नको होती?"

शैलानं हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली, आणि म्हणाली, "चटणी मंगलनं सकाळी ठरवली आणि दुपारच्या आत केली."